अस्वलाच्या कानांखालची जमीन

अमेरिकेतल्या यूटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, लाल खडकांच्या मुलखात, सपाट माथ्याचे दोन डोंगर शेजारी-शेजारी उभे आहेत. दुरून पाहिलं की क्षितिजाआड अस्वल बसलंय आणि त्याचे नुसते कान वर आलेत असं वाटतं. नाव्हाहो लोक त्यांना 'शाश जा' म्हणतात, होपी 'हून नाक्वुत' म्हणतात, यूट आणि झुनी भाषांत नावं आणखी वेगळी. अर्थ मात्र सगळ्यांचा एकच, अस्वलाचे कान. इंग्रजी नकाशावर त्याचं 'बेअर्स इअर्स' झालं.

या डोंगरांभोवतालची सुमारे साडेतेरा लाख एकर सरकारी जमीन डिसेंबर २०१६ मध्ये बराक ओबामांनी 'राष्ट्रीय स्मारक' म्हणून जाहीर केली. वर्षभरातच डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यातली ८५ टक्के जमीन वगळली. ऑक्टोबर २०२१ मध्ये जो बायडन यांनी ती परत आत घेतली. गोव्याच्या जवळपास दीडपट भरेल एवढ्या जमिनीचं भवितव्य पाच वर्षांत तीन सह्यांनी तीनदा बदललं.

बातम्यांमध्ये हा वाद नेहमी तिरंगी सामन्यासारखा मांडला जातो. एका बाजूला निसर्ग वाचवू पाहणारे, दुसऱ्या बाजूला आदिवासी जमाती, तिसऱ्या बाजूला रोजगार आणि विकास मागणारे. सरकारने मध्ये बसून तिघांचा तोल सांभाळायचा. मला ही मांडणीच चुकीची वाटते. का, ते कळायला आधी ही 'सरकारी जमीन' सरकारकडे आली कशी, ते पाहायला हवं.

सातबारा कुणाच्या नावावर

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची जमीन सुमारे ६४ कोटी एकर आहे. देशाच्या एकूण जमिनीच्या चौथ्या हिश्शाहून थोडी जास्त, आणि महाराष्ट्राच्या आठपटींहून अधिक. ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. पूर्वेकडच्या कनेक्टिकटमध्ये ती एक टक्काही नाही. पश्चिमेकडच्या नेवाडात ८० टक्के, यूटात ६० टक्क्यांहून जास्त. त्यामुळे न्यूयॉर्कच्या माणसाला हा विषय सुट्टीत फिरायला जाण्याचा वाटतो, तर यूटातल्या माणसाला रोजच्या पोटापाण्याचा.

यातली बहुतेक जमीन चार खाती सांभाळतात. राष्ट्रीय उद्यानांचं खातं सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्याकडे जेमतेम ८ कोटी एकर आहेत. वन्यजीव खात्याकडे जवळपास ९ कोटी, वनखात्याकडे १९ कोटींच्या वर. सर्वात मोठा वाटा, साडेचोवीस कोटी एकर, 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' म्हणजे बीएलएमकडे आहे. हे खातं १९४६ मध्ये दोन जुनी खाती एकत्र करून झालं: एक जमीनवाटपाचं, दुसरं चराईचं. एकोणिसाव्या शतकात सरकारने पश्चिमेकडची जमीन वसाहतकऱ्यांना, रेल्वे कंपन्यांना आणि नव्या राज्यांना वाटली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने तर जो येऊन कसेल त्याला १६० एकर मिळत. पाणी नाही, माती नाही, म्हणून जी कुणी घेतली नाही, ती मुख्यतः बीएलएमच्या वाट्याला आली.

'उरलेली जमीन' हा शब्द ऐकला की मन खट्टू होतं. ती कुणी घेतली नव्हती, पण रिकामी नव्हती. बेअर्स इअर्सच्या परिसरात कपारींमधली दगडी घरं, धान्याची कोठारं, खडकांवरची चित्रं, दफनभूमी अशा एक लाखाहून अधिक पुरातन खुणा असल्याचा अंदाज आहे. आजच्या होपी आणि झुनी लोकांच्या पूर्वजांची ती गावं होती. नाव्हाहोंचा एकोणिसाव्या शतकातला नेता मॅन्युएलितो याच डोंगरांजवळ जन्मला. १८६४ मध्ये अमेरिकी लष्कराने हजारो नाव्हाहोंना घरादारातून उठवून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या छावणीत नेलं, तेव्हा त्यांच्यातले काही जण या कडेकपारींत लपून राहिले. १८६८ च्या तहाने नाव्हाहो परत आले, पण त्यांच्या राखीव प्रदेशाची सीमा बेअर्स इअर्सच्या अलीकडेच थांबली. पलीकडची जमीन कागदावर सरकारची झाली.

हेच थोड्याफार फरकाने सगळीकडे घडलं. कधी तह करून, कधी तह मोडून, कधी नुसताच कायदा करून. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामायिक जमीन घरटी तुकड्यांत वाटली आणि 'जादा' ठरलेली जमीन गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी मोकळी केली. तेव्हा जमातींकडे १३.८ कोटी एकर होते. १९३४ मध्ये हे धोरण बंद झालं तेव्हा ४.८ कोटी उरले होते.

एकावर एक कायदे

या जमिनीवर काय करता येईल हे सांगणारा कायदा एकच असता, तर अर्धा गुंता झालाच नसता. पण इथे प्रत्येक काळाने आपला कायदा आधीच्या कायद्यावर ठेवला आणि खालचा काढला नाही.

१८७२ साली यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच वर्षी खाणकामाचा कायदाही झाला आणि तो अजून लागू आहे. सोनं, तांबं, युरेनियम अशी खनिजं सापडली की सरकारी जमिनीवर दावा ठोकता येतो, आणि तेल किंवा कोळशावर द्यावी लागते तशी रॉयल्टी केंद्र सरकारला द्यावी लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी घमेलं आणि कुदळ घेऊन निघालेल्या माणसासाठी केलेली ही सवलत आज जगातल्या बड्या खाणकंपन्या वापरतात. ती इतकी वर्षं टिकावी हे मला अजिबात पटत नाही.

१९०६ मध्ये पुरातन वस्तूंच्या संरक्षणाचा कायदा आला. नैऋत्येकडच्या जुन्या वस्त्यांमधून मडकी, हाडं, दागिने उकरून विकण्याचा सुळसुळाट झाला होता. तो थांबवण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना अधिकार मिळाला, की केंद्राच्या जमिनीवरचं महत्त्वाचं स्थळ त्यांनी केवळ सहीने 'राष्ट्रीय स्मारक' करावं. काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी लागत नाही. कायद्यात अट एवढीच, की संरक्षणाला आवश्यक तेवढंच लहानात लहान क्षेत्र घ्यावं. 'लहानात लहान' म्हणजे किती, यावर शंभर वर्षं भांडण चालू आहे. आणि एका राष्ट्राध्यक्षाने केलेलं स्मारक दुसऱ्याला छाटता येतं का, हे त्या कायद्यात लिहिलेलंच नाही. बेअर्स इअर्सचा लंबक हलतो तो याच फटीतून.

१९७६ च्या कायद्याने बीएलएमला सांगितलं, की जमीन अनेक उपयोगांसाठी आणि टिकाऊ उत्पन्नासाठी सांभाळा. चराई, खाण, लाकूड, पाणी, वन्यजीव, सहली, सगळंच. ऐकायला समंजस वाटतं. पण एकाच दरीत खाणही आणि समाधीस्थळही कसं नांदवायचं, याचं उत्तर कायदा देत नाही. ते स्थानिक अधिकाऱ्यावर, कोर्टावर आणि निवडणुकीच्या निकालावर सोडलेलं आहे.

स्मारक झालं म्हणजे सगळं बंद, असा एक समज आहे. तसं नसतं. बेअर्स इअर्समध्ये जुन्या परवान्यांची गुरं आजही चरतात, आधीपासूनचे वैध खाणदावे कायम आहेत, शिकार चालते. नवे खाणदावे आणि तेलाचे नवे पट्टे मात्र देता येत नाहीत.

हक्क म्हणजे सवलत नव्हे

इथे सर्वात जास्त घोटाळा होतो, म्हणून जरा थांबतो. अमेरिकेत केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या सुमारे पावणेसहाशे जमाती आहेत आणि त्या कायद्याने सरकारं आहेत. त्यांची स्वतःची न्यायालयं, पोलीस, निवडणुका असतात. त्यांच्याशी झालेले तह राज्यघटनेच्या सहाव्या कलमानुसार देशाचा सर्वोच्च कायदा मानले जातात. म्हणून पर्यावरणवादी संस्था, गुरं पाळणाऱ्यांची संघटना आणि जमात यांना एकाच रांगेत तीन 'हितसंबंधी' म्हणून बसवणं म्हणजे शेजारच्या सरकारला सोसायटीच्या सभासदासारखं वागवणं.

आणि हे हक्क राखीव प्रदेशाच्या कुंपणाशी संपत नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या जमातींनी १८५४-५५ च्या तहांत लाखो एकर जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. शतकभर त्यांच्या मासेमारांना पकडून दंड होत राहिले. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी तो तह शब्दशः वाचला आणि निकाल दिला, की पकडता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर जमातींचा हक्क आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः उचलून धरला. तेव्हापासून तिथल्या सामन माशांचं व्यवस्थापन राज्य आणि जमाती मिळून करतात.

पण जिथे असा राखून ठेवलेला हक्क नाही, तिथे? कॅलिफोर्नियातल्या एका जंगलात वनखात्याला रस्ता करायचा होता. तो यूरोक, कारुक आणि टोलोवा लोकांच्या पूजेच्या जागांमधून जाणार होता. त्याने त्यांचा धर्म उद्ध्वस्त होईल हे गृहीत धरूनही १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला, कारण शेवटी ती जमीन सरकारचीच आहे. सातबाऱ्यावर नाव ज्याचं, शब्द त्याचा. ते नाव तिथे लागलं कसं, हा प्रश्न कोर्टात विचारायला जागाच राहत नाही.

साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या बाबतीत तो विचारला गेला. १८६८ च्या तहाने ते डोंगर लाकोटांचे होते. सोनं सापडल्यावर १८७७ मध्ये काँग्रेसने ते काढून घेतले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे योग्य भरपाई न देता घेतल्याचं मान्य करून व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. लाकोटांनी ती आजवर उचललेली नाही. देशातल्या सर्वात गरीब समाजांपैकी एक असूनही. खात्यातली रक्कम वाढत वाढत एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे, आणि त्यांना अजून डोंगरच हवे आहेत.

ब्लँडिंगच्या माणसाचं म्हणणं

बेअर्स इअर्स ज्या सान वान काउंटीत येतं, तिथे खाजगी मालकीची जमीन सुमारे आठ टक्के आहे. बाकी केंद्राची, राज्याची किंवा जमातींची. केंद्राच्या जमिनीवर स्थानिक कर लावता येत नाही. त्याऐवजी राजधानी वॉशिंग्टनहून भरपाई येते, पण ती किती येणार हे काँग्रेस ठरवते. शाळा, रस्ते, रुग्णालय चालवायचं कशावर? १८८० मध्ये कडे फोडून, बैलगाड्या दोरांनी खाली उतरवत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे येऊन वसली. त्यांच्या वंशजांना वाटतं, की पाच पिढ्या इथे खपलो आणि आता दोन हजार मैलांवरून कुणीतरी आम्हाला न विचारता सही करतं. २००९ मध्ये पुरातन वस्तूंच्या चोरट्या व्यापारावरून ब्लँडिंग गावात हत्यारबंद केंद्रीय पोलिसांच्या धाडी पडल्या. त्या प्रकरणातल्या आरोपींपैकी दोघांनी आयुष्य संपवलं. तो व्रण अजून आहे. ही माणसं खलनायक नाहीत.

मात्र या भागात विकास कसा आला तेही सांगायला हवं. १९४४ पासून चार दशकं नाव्हाहो प्रदेशातून सुमारे तीन कोटी टन युरेनियमचं खनिज काढलं गेलं. नाव्हाहो पुरुष खाणींत राबले, आणि किरणोत्साराचा धोका त्यांना सांगितला गेला नाही. घरी परतताना कपड्यांवर तीच धूळ असे. पाचशेहून अधिक खाणी तशाच उघड्या टाकल्या गेल्या. जुलै १९७९ मध्ये न्यू मेक्सिकोत चर्च रॉकजवळ कचऱ्याच्या तलावाचा बांध फुटला आणि किरणोत्सारी पाणी प्वेर्को नदीतून वाहत गेलं. आज अमेरिकेत युरेनियम खनिजावर पारंपरिक पद्धतीने प्रक्रिया करणारी एकमेव चालू गिरणी बेअर्स इअर्सच्या शेजारीच आहे, आणि व्हाइट मेसा ही यूट वस्ती तिच्यापासून काही मैलांवर. 'विकास हवा की संवर्धन' असं विचारताना या वस्तीतल्या आईला दोन्हींतलं काय मिळालं, हे कुणी विचारत नाही.

राज्याची मागणी वेगळीच आहे: जमीनच आम्हाला द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये यूटाने बीएलएमच्या १.८५ कोटी एकरांवरून थेट सर्वोच्च न्यायालयात दावा मांडू देण्याची मागणी केली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. खरं तर राज्याचा दर्जा मिळवताना यूटाने अशा जमिनींवरचा हक्क कायमचा सोडल्याचं लिहून दिलं होतं. २०२५ च्या उन्हाळ्यात यूटाच्याच एका सिनेटरने घरबांधणीसाठी पश्चिमेतली वीस-तीस लाख एकर सरकारी जमीन विकण्याचा प्रस्ताव आणला. शिकारी, गळ टाकणारे, त्यांच्याच पक्षाचे मतदारही असे उसळले, की तो मागे घ्यावा लागला. घरांसाठी जमीन लागते हे खोटं नाही. लास व्हेगसभोवती आखून दिलेल्या हद्दीतली बीएलएमची जमीन १९९८ च्या कायद्याने लिलावाने विकता येते, आणि त्या पैशांतला ८५ टक्के भाग नेवाडातच उद्यानं, पाणवठे, संवेदनशील जमिनी यांच्यावर खर्च होतो. हद्द आखलेली, पैसा कुठे जाणार ते लिहिलेलं. असं असेल तर विक्रीलाही माझा विरोध नाही.

विचारणं आणि होकार घेणं

२०१५ मध्ये पाच जमाती एकत्र आल्या: होपी, नाव्हाहो, झुनी, यूट माउंटन यूट आणि उत्तर यूटातली यूट जमात. होपी आणि नाव्हाहो यांच्यात जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचा तंटा, तरी ते एका टेबलाशी बसले. त्यांनी १९ लाख एकरांचं स्मारक मागितलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते चालवण्यात बरोबरीचा वाटा मागितला. ओबामांनी क्षेत्र कमी दिलं आणि जमातींचा एक आयोग नेमला. आयोगाचं म्हणणं खात्यांनी नीट विचारात घ्यायचं, पण अंतिम निर्णय खात्यांचाच. जून २०२२ मध्ये पाच जमाती, बीएलएम आणि वनखातं यांच्यात एकत्र कारभाराचा करार झाला, रस्त्यावरच्या पाटीवर पाचही जमातींची बोधचिन्हं लागली.

जमातींना तिथे नेमकं काय हवं होतं? पिन्यॉन पाइनच्या खाण्याच्या बिया, औषधी वनस्पती, पूजेला एकांत, आणि सरपण. सरपण हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. नाव्हाहो प्रदेशात हजारो घरांत अजून वीज नाही आणि हिवाळा शून्याखाली जातो. स्मारक झालं तर लाकूड तोडू देणार नाहीत, ही भीती स्थानिक नाव्हाहोंनाही होती. म्हणून खाजगी वापरासाठी सरपण आणि वनस्पती गोळा करण्याची सोय घोषणापत्रातच लिहिली गेली. माणसाला बाहेर काढून निसर्ग वाचवायचा, ही यलोस्टोनपासून चालत आलेली कल्पना इथे सुधारली गेली, आणि मला या सगळ्या प्रकरणात तीच सर्वात मोलाची गोष्ट वाटते.

पण सल्ला घेणं आणि संमती घेणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. नेवाडातल्या थॅकर पास इथे बीएलएमच्या जमिनीवर लिथियमच्या खाणीला जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी ते लिथियम हवं आहे. पायूट लोकांसाठी ती पूर्वजांच्या कत्तलीची जागा. कोविडच्या काळात तीन जमातींना पत्रं गेली, आणि सल्लामसलत झाली असं मानलं गेलं. आम्हाला विचारलंच नाही म्हणून बाकीच्या जमाती कोर्टात गेल्या आणि हरल्या.

ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागते. अपाचे लोक तिथे मुलगी वयात आल्यावरचा चार दिवसांचा विधी करतात. १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांच्या काळात ती जागा खाणीपासून मुक्त ठेवली होती. डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक कलम घुसवून ही सुमारे २,४०० एकर जमीन एका तांबेकंपनीला अदलाबदलीने द्यायचं ठरलं. खालून खनिज काढल्यावर वरची जमीन खचून जवळपास दोन मैल रुंदीचा खड्डा पडेल, हे सरकारच्याच अहवालात आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपाचे गटाचं अपील ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी असहमती नोंदवताना विचारलं, की एखादं जुनं कॅथेड्रल पाडायचं असतं तर आपण असंच तोंड फिरवलं असतं का.

आपल्याकडे ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटचा प्रश्न आला, तेव्हा २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटलं आणि खाण थांबली. अमेरिकेतल्या जमातींकडे स्वतःची सरकारं आहेत, न्यायालयं आहेत, तह आहेत. राखीव प्रदेशाबाहेरच्या पूर्वजांच्या जमिनीवर असा 'नाही' म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांना सहसा नाही.

न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लोच्या लोकांनी तो वेगळ्या वाटेने मिळवला. त्यांचं पवित्र ब्लू लेक आणि भोवतालचं जंगल थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये राष्ट्रीय वनात घातलं, ते वाचवण्याच्याच नावाखाली. मग तिथे गुरांची चराई, सहलीचे तंबू आणि झाडतोड आली. पैशांची भरपाई नको म्हणत ताओसचे लोक ६४ वर्षं वॉशिंग्टनला खेपा घालत राहिले. डिसेंबर १९७० मध्ये रिचर्ड निक्सन यांनी ४८,००० एकर परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यात संवर्धन आणि वापर वेगळे केलेले नाहीत. जंगल रानच राहील, आणि पूजा, शिकार, पाणी, गुरांचा चारा, घरापुरतं लाकूड यांसाठी पुएब्लोचे लोक ते वापरतील, असं एकाच ठिकाणी लिहिलं आहे. तळ्यावर बाहेरच्या कुणालाही जाता येत नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये पुएब्लोची माणसं, लहान मुलांना बरोबर घेऊन, डोंगर चढून तिथे जातात.